पाहणाराची वही

शिकाऊ माणसाच्या हाती दुसऱ्याचे मूल द्यावे की नाही, हा प्रश्न फार जुना आहे आणि त्याचे उत्तरही तितकेच जुने आहे. द्यावेच लागते; कारण शिक्षक, वैद्य किंवा सुईण कोणाच्याही घरी तयार जन्मास येत नाही. अवघड असतो तो पुढचा प्रश्न. ते मूल कोणाच्या नजरेखाली द्यावयाचे, आणि ती नजर खरोखर पडली की नुसती कागदावर पडली, हे कोणी पाहावयाचे?

या प्रश्नाकडे आमचे लक्ष वळले ते अकोल्यास. तेथील एका विशेष शाळेत काही कामानिमित्त दोनचार दिवस बसण्याचा आम्हांस योग आला. शाळेत बौद्धिक दिव्यांग व स्वमग्न मुले होती आणि त्यांच्यापाशी सरावासाठी आलेल्या, विशेष शिक्षणाचा अभ्यासक्रम करणाऱ्या काही उमेदवार मुली होत्या. त्यांपैकी एकीने आपली सरावाची वही आम्हांस दाखविली. वही नीटनेटकी होती. तारीख, मुलाच्या नावाचे आद्याक्षर, काय शिकविले, किती तास, आणि शेवटच्या रकान्यात देखरेख करणाऱ्या बाईंची सही. अक्षर रोजचे निराळे होते. कुठे घाईचे, कुठे सावकाश, एका पानावर तर चहाचा डाग. सह्या मात्र महिनाभराच्या एकाच शाईच्या, एकाच कलाच्या, एका दमात केलेल्या. आम्ही सहज विचारले. ती मुलगी न बिचकता म्हणाली, “मॅडम महिन्याच्या शेवटी येतात, मंग साऱ्या एकदमच करून देतात.”

तिने खोटे काहीच लिहिले नव्हते. तास खरे होते, श्रम खरे होते, मूलही खरे होते. फक्त जिची सही होती ती त्या तासाला त्या खोलीत नव्हती. एवढीशी गोष्ट, पण या विद्येचा इतिहास चाळून पाहता तिच्यातील बराचसा भाग याच एका रिकाम्या खुर्चीभोवती फिरत आलेला आहे, असे आम्हांस दिसून आले.

विद्येचे नाव वर्तनविश्लेषण. नाव ऐकावयास रुक्ष, काम करावयास नाजूक. एखादे मूल भिंतीवर डोके आपटते. ते हट्टी आहे, वाईट आहे, त्याला कोणाची दृष्ट लागली आहे, असे घरोघरी म्हटले जाते. वर्तनविश्लेषक असे काही म्हणत नाही. डोके आपटण्यापूर्वी लगेच काय घडले आणि आपटल्यावर लगेच काय घडले, हे तो लिहून घेतो, आणि दिवसातून किती वेळा घडले ते मोजतो. आपटताच आई धावत येऊन जवळ घेत असेल, तर त्या धावण्यातच उद्याच्या आपटण्याचे बी असू शकते. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्राण्यांवरील प्रयोगांतून ही विचारसरणी मांडली. पण ती माणसांच्या वस्तीत कशी उतरली, याची गोष्ट अधिक मनोरंजक आहे.

कॅनडातील वेबर्न गावच्या मनोरुग्णालयात तिओदोरो आयलॉन आणि जॅक मायकल या दोघांनी जे काम केले, ते १९५९ साली छापून आले. त्या रुग्णालयातील एक बाई परिचारिकांच्या खोलीत सारखी शिरत असे. दिवसाला सरासरी सोळा वेळा. परिचारिका तिला समजावीत, हाताला धरून बाहेर नेत, कधी रागे भरत. हे सगळे दोन वर्षे चालले होते. आयलॉनने परिचारिकांना एवढेच सांगितले की ती आली तर तिच्याकडे लक्षच द्यावयाचे नाही. सातव्या आठवड्यापर्यंत सोळाचे दोनवर आले. येथे आमच्या मनात भरते ते हे की उपचार करणारे हात शास्त्रज्ञाचे नव्हते, परिचारिकांचे होते. त्या पूर्वीही कामच करीत होत्या आणि आताही कामच करीत होत्या. पण आपल्या समजावण्यानेच ती बाई पुन्हापुन्हा येते, हे त्यांच्यापैकी कोणीच पाहिले नव्हते. करणाराला आपले करणे दिसत नाही. म्हणून ही विद्या जन्मापासूनच दोघांची आहे: एक करणार, दुसरा त्या करणाराला पाहणार.

पाहिलेले आणि तर्काने मानलेले यांत भेद करून लिहावयाचे, ही शिस्त केवळ सातासमुद्रापलीकडची समजण्याचे मात्र कारण नाही. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर मराठी वाचकांस ठाऊक आहेच. २०२४ साली मराठी भाषेचे विद्यापीठ तेथे सुरू झाल्याने ते पुन्हा चारचौघांच्या तोंडी आले. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा करण्यास आरंभ केला तो या गावी. ते नागदेवाचार्यांपाशी बसले, त्यांना आठवेल ते ऐकले, लिहून घेतले. आणि तेवढ्यावर न थांबता ज्यांनी ज्यांनी प्रसंग डोळ्यांनी पाहिले होते त्यांच्याकडे गावोगाव गेले. एखाद्याचे सांगणे दुसऱ्याहून निराळे पडले तर दोहोंचा मेळ घालून गुळगुळीत गोष्ट रचण्याचा मोह त्यांनी आवरला आणि निराळे ते निराळेच नमूद केले. त्याच परंपरेत गोविंदप्रभूंचेही चरित्र लिहिले गेले. रिद्धपूरचे लोक त्यांना वेडे म्हणत आणि तेच लोक त्यांना मायबाप मानीत. कोठे बसले, काय उचलले, कोणाच्या घरात शिरले, काय बोलले, हे चरित्रकार जसेच्या तसे सांगतो. भक्ताच्या दृष्टीने ती लीळा. वर्तनविश्लेषणाशी तिचा संबंध जोडणे हा अतिप्रसंग होईल आणि तो आम्ही करीत नाही. आमचे म्हणणे एवढेच की ऐकलेले पडताळून घेतल्यावाचून लेखणी उचलू नये, हा धडा या मातीत शाळा निघण्यापूर्वी सहाशे वर्षे गिरविला गेला होता.

आता जे सांगावयाचे ते सुखाचे नाही. अमेरिकेतील फ्लोरिडा संस्थानात, मायामी येथे सनलँड नावाचे बौद्धिक दिव्यांगांचे सरकारी निवासकेंद्र होते. तेथे एका मानसशास्त्रज्ञाने वर्तनसुधारणेची योजना चालू केली. कागदावर ती वाईट नव्हती. चांगल्या वागण्यास प्रोत्साहन, वाईटास सौम्य परिणाम, असेच काहीसे तिचे स्वरूप होते. पण ती राबवावयाची कोणी? थोड्या पगारावर आलेल्या, थोडेसे शिकविलेल्या, वरचेवर बदलणाऱ्या नोकरांनी. त्यांच्या मागे उभे राहून पाहणारे कोणी नव्हते, आणि प्रसंग पडेल तसे त्यांनी आपल्या बुद्धीने वागावे अशी मुभा होती. १९७२ साली चौकशी समितीपुढे जे बाहेर आले ते भयंकर होते. साबणाच्या पाण्याने तोंडे धुवविणे, लाकडी फळीने मारणे, चोवीस चोवीस तास बांधून ठेवणे, एकटे कोंडणे, चारचौघांत विटंबना करणे. आणि हे सर्व उपचार या नावाखाली. करणारे सगळे क्रूर होते असे मानले तर प्रकरण सोपे होते आणि आपण सुटतो. पण तसे नव्हते. आज थोडे, उद्या त्याहून थोडे अधिक, अशी ती उतरण होती, आणि पायरीपायरीवर “हे काय चालविले आहे?” असे विचारणारा माणूस तेथे नव्हता. मुलांना तक्रार करता येत नव्हती. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्याच वाट्यास ही विद्या प्रथम येते, हे तिचे भाग्य आणि हीच तिची जोखीम.

त्या चौकशीतून फ्लोरिडात आधी नियम झाले, मग १९८० नंतरच्या दशकात परीक्षा व प्रमाणपत्र आले, आणि त्याच पायावर जेरी शूक यांच्या पुढाकाराने १९९८ साली वर्तनविश्लेषकांना प्रमाणित करणारे अमेरिकन मंडळ स्थापन झाले. प्रमाणपत्राची हकीकत पुष्कळदा मानाच्या हौसेतून सुरू होते. ही लाजेतून सुरू झाली, म्हणून आम्हांस तिच्याविषयी आदर वाटतो.

या मंडळाचे नियम बारीक आहेत. २०२२ पासून लागू झालेल्या नियमांत उमेदवाराने २,००० तास प्रत्यक्ष काम करावयाचे ठरले. देखरेख अधिक दाट असेल तर १,५००. त्या वेळी महिन्यास २० हून कमी आणि १३० हून अधिक तास धरावयाचे नसत. तासांपैकी शेकडा साठ तरी नुसते मुलापुढे बसण्यात न जाता निरीक्षण, नोंदी, आलेख, योजना, पालकांस शिकविणे अशा कामांत गेले पाहिजेत. देखरेख किती? साध्या प्रकारात महिन्याच्या तासांच्या शेकडा पाच. भेटी महिन्यास निदान चार, आणि त्यांतून निदान एकदा उमेदवारास मुलाबरोबर काम करताना प्रत्यक्ष पाहिले पाहिजे. महिनाअखेर दोघांनी सह्या करावयाच्या आणि कागद सात वर्षे जपावयाचे. हिशेब करून पाहा: शंभर तासांत पाच. पंचाण्णव तास शिकाऊ आणि मूल, दोघेच. तरीही शून्य आणि पाच यांत जे अंतर आहे ते पाच आणि शंभर यांत नाही. पाहणारा येणार आहे, कधी येईल ते सांगता येत नाही, एवढ्यानेच उरलेल्या पंचाण्णव तासांची चाल बदलते. आणि सह्या महिनाअखेरच होतात म्हणून अकोल्याच्या वहीचा बचाव कोणी करील, तर त्याने येथे नीट पाहावे: ती सही आधी घडलेल्या पाहण्याची पावती असते. पाहण्याच्या ऐवजी ती चालत नाही.

आमच्या वऱ्हाडात ही गोष्ट कोणास समजावून सांगण्याची खरे तर गरज पडू नये. अमरावतीचे श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी १९१४ साली काढले. १९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. त्याच्या मैदानावर देशाच्या निरनिराळ्या भागांतून व्यायामशिक्षक होऊ पाहणारे उमेदवार शिकून गेले. मल्लखांबाखाली वस्ताद उभा असतो, त्याचे हात मोकळे असतात आणि नजर वर असते. त्याने वर्गात बसून “अमुक उडी झाली” अशी सही करावी, ही कल्पनाच आखाड्यात हास्यास्पद ठरेल. तेथे पडणारे मूल खाली दिसते. बुद्धीच्या आणि मनाच्या शिक्षणात पडणे दिसत नाही, म्हणून तेथे सही खपते.

दुसरे नाव ताराबाई मोडकांचे. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई विवाहानंतर १९१५ पासून काही वर्षे अमरावतीस होत्या. संसार मोडल्यावर त्या राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजात गेल्या, स्त्रीशिक्षिका तयार करण्याच्या कामात. आणि तेथून १९२३ साली भावनगरास गिजुभाई बधेकांकडे. येथे एक विचित्र योग आम्हांस नेहमी जाणवतो. शिक्षिका तयार करणाऱ्या संस्थेची मुख्याध्यापिका पद सोडून पुन्हा उमेदवारासारखी बालमंदिरात मुलांकडे पाहत बसली. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले आणि तेथे अनुताई वाघ येऊन मिळाल्या. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच त्यांनी शाळा मुलांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात नेली. शिकाऊ शिक्षिकेला जेथे मूल आहे तेथेच शिकवावे लागे, आणि शिकविणाऱ्या बाई बरोबर असत.

मॉंटेसोरी पंथाचे आणि वर्तनविश्लेषकांचे पटत नाही, हे येथे लपवून चालणार नाही. मॉंटेसोरीबाईंना बक्षीस आणि शिक्षा दोन्ही अमान्य. वर्तनविश्लेषकाचे अर्धे काम बक्षिसाच्या वेळेवर चालते. काम स्वतःच आनंद देऊ लागले की गोळी-चॉकलेट कशास, हा पहिल्यांचा आक्षेप. ज्या मुलास काम स्वतः होऊन आनंद देतच नाही त्याचे काय, हे दुसऱ्यांचे उत्तर. आमचा कल प्रश्नापरत्वे इकडेतिकडे जातो. पण दोन्ही घरांत नवशिक्याला आधी एकच गोष्ट सांगतात: हात मागे बांध, बैस, आणि जे दिसते ते लिही.

आता वर्तमानाकडे वळू. सिकंदराबादला १९८४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्थेतून रीता पेशावरिया आणि एस. वेंकटेशन यांची, वर्तनपद्धतीने शिकविण्याची शिक्षकांसाठी लिहिलेली पुस्तिका १९९२ साली निघाली. त्याच वर्षी भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा झाला आणि नोंदणीवाचून हा व्यवसाय करणे गुन्हा ठरले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नतेस यादीत स्वतंत्र स्थान दिले. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्याच्या परिशिष्टात तर वर्तनविश्लेषक हे नावच आले; त्या कायद्यात व्यावसायिकाच्या पदवीस निदान ३,६०० तास लागतात. तासांची संख्या कायद्यात आली. तासाला खोलीत कोण होते, हे कायद्याला कसे कळावे?

ज्यांना अमेरिकन मंडळाचे प्रमाणपत्र हवे होते त्यांचा मार्ग मध्येच आटला. १ जानेवारी २०२३ पासून त्या मंडळाने अमेरिका, कॅनडा व एखाददुसरा अपवाद वगळता परदेशी नव्या उमेदवारांचे अर्ज घेणे थांबविले. त्यापूर्वी भारतातील उमेदवार दूरच्या पर्यवेक्षकाकडून पडद्यावरून देखरेख घेऊ शकत असे. ते दार बंद झाले याचे दुःख करावे की नाही, याविषयी आमचे मन निश्चित होत नाही. चांगले शिकविणारे मिळत होते हे खरे. पण पडद्यापलीकडील माणसास आमची भाषा यावी कोठून? वऱ्हाडातले पोर काम सांगितले की मान वर करून “काहून?” म्हणते. परक्या कानास तो निरर्थक आवाज वाटून तसाच नोंदला गेला, तर ज्या मुलाने कारण विचारले, त्याने काहीच म्हटले नाही असे आलेखावर दिसेल. धारणी-चिखलदऱ्याकडच्या कोरकू मुलाची गोष्ट तर आमच्यापैकी पुष्कळांसही परकी. पाहणारा जवळ पाहिजे, तसा त्याला ऐकूही आले पाहिजे.

याच जिल्ह्यात, अचलपूर तालुक्यात वझ्झर येथे शंकरबाबा पापळकरांचे बालगृह आहे. ‘देवकीनंदन गोपाला’ हे मासिक चालविणाऱ्या या गृहस्थाने टाकून दिलेल्या अपंग मुलांस पदरात घेतले आणि सव्वाशेच्या आसपास मुलांपुढे बाप म्हणून आपले नाव लावले. संस्थेस नाव दिले ते व्यायाममंडळाच्या अंबादासपंत वैद्यांचे. २०२४ साली त्यांस पद्मश्री मिळाली. अठरा वर्षे पूर्ण होताच अशा मुलांना गृहाबाहेर काढणारा नियम बदलावा, ही त्यांची मागणी जुनी आहे. वझ्झरला वर्तनाचा आलेख कोणी काढीत नसेल. पण बाप रात्रीही तेथेच असतो, आणि शंभरांत पाच हा हिशेब तेथे लागूच होत नाही. तरीही वझ्झरकडे बोट दाखवून प्रमाणपत्रांची थट्टा करणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. असा बाप गावोगाव मिळत नाही. जेथे तो नाही तेथे पगारी माणूसच असणार, आणि पगारी माणसास पाहणारा लागतोच.

अकोल्यास आमचे पुन्हा जाणे झाले तेव्हा त्या मुलीच्या सरावाचे शेवटचे दिवस होते. देखरेखीस या वेळी निराळ्या बाई होत्या. त्या आल्या आणि कोपऱ्यात सतरंजीवर मांडी घालून बसल्या. मुलगा खुंटीत रंगीत कड्या घालीत होता. मुलगी प्रत्येक कडीस “शाब्बास” म्हणत होती. अर्धा तास बाई काही बोलल्या नाहीत, कागदावर नुसत्या रेघा ओढीत राहिल्या. मग त्यांनी तो कागद मुलीपुढे धरला. अकरा वेळा शाब्बास. त्यांपैकी सात वेळा कडी खुंटीत पडण्यापूर्वी. पोरगा कडीकडे पाहतच नव्हता, तो तिच्या तोंडाकडे पाहत होता. तिने ते सहा आठवडे केले होते आणि वहीत तासामागून तास लिहिले गेले होते.

ती बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “मंग आता काय करू?” बाईंनी तिच्या हातून कडी घेऊन मुलासमोर धरली, तोंड मिटून घेतले, आणि कडी खाली बसल्याचा आवाज होईपर्यंत थांबल्या. पुढची कडी मुलीने धरली. दुपारी वही निघाली तेव्हा त्या दिवसाच्या ओळीत दीड तास लिहिला गेला आणि समोर सही झाली. सहीखाली बाईंनी त्याच दिवसाची तारीख घातली.